भाव नको, हातात किती ते सांगा: परदेशी चलन स्वस्तात कसं घ्यायचं

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी, आणि आकडे पुन्हा बघायचे आहेत त्यांच्यासाठीही.)

धुळ्याहून, म्हणजे आपल्या देवपुरातून बोलतोय. मध्येच रिक्षाचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. दत्त मंदिर चौक जवळच आहे आणि आमच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. "भाऊ, मित्रांबरोबर थायलंडला चाललोय, पैसे कुठून बदलू?" "आई-बाबा बहिणीकडे दुबईला जाताहेत, किती रोख द्यायची?" "मामा उमराहला चाललेत, रियाल इथून घ्यायचे की तिथे?" असे मेसेज येतच असतात. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देत होतो. मग म्हटलं, एकदाच सगळं नीट सांगून टाकू.

पण सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. कारण हा विषय मी हौसेने शिकलो नाही. आबांचे पैसे गेले, आणि ते माझ्या सल्ल्याने गेले, म्हणून शिकलो.

आबांची पावती

२०२४ चा मार्च महिना. माझी ताई दुबईला असते. तिचं बाळंतपण होतं, म्हणून आई-आबा पहिल्यांदा विमानात बसणार होते. आमची शेती शिंदखेडा तालुक्यात. त्या वर्षीचा कापूस नुकताच विकला होता, भाव क्विंटलला सात हजारांच्या आसपास मिळाला होता. आबांनी त्यातले ४८ हजार रुपये बाजूला काढले. म्हणाले, "लेकीच्या घरी जाऊन दाजींकडे पैसे मागायचे नाहीत. बाळाला काही घेऊ, आपला खर्च आपण करू."

मला विचारलं, "दिरहॅम कुठे घ्यायचे?" आणि मी, घरातला शिकलेला माणूस, मोबाईलमधून मान वर न करता बोललो, "आबा, काही टेन्शन घेऊ नका. विमानतळावर काउंटर असतो, तिथे मिळतात."

त्यांनी माझं ऐकलं. रात्रभर प्रवास करून विमानतळावर पोहोचले, आत गेले, काचेच्या काउंटरवर ४८ हजार दिले आणि हातात आले १,९२० दिरहॅम. कुठलं विमानतळ, कुठलं काउंटर ते सांगत नाही. त्यात त्या पोरांचाही दोष नाही. दर बोर्डावर लिहिलेला होता, आणि खाली मोठ्या अक्षरात होतं, "कमिशन शून्य."

दीड महिन्याने परत आले. ४०० दिरहॅम उरले होते. ते येताना विमानतळावरच विकले.

आबांची एक सवय आहे. कापसाची, मक्याची, कशाचीही पट्टी असो, ती डायरीत घडी करून ठेवतात. त्या डायरीत मला दोन्ही पावत्या सापडल्या. आता आकडे ऐका.

घेताना: १,९२० दिरहॅम, दर २४ रुपये ९५ पैसे. झाले ४७,९०४ रुपये. वर जीएसटी ८६. एकूण ४७,९९०. त्या दिवशी बाजारात दिरहॅम होता साधारण २२ रुपये ७० पैशांना. म्हणजे तेवढेच दिरहॅम बाजारभावाने झाले असते ४३,५८४ रुपये. फरक ४,४०६.

विकताना: ४०० दिरहॅम, दर २० रुपये ५० पैसे. झाले ८,२००. जीएसटी ४५ वजा. हातात ८,१५५. हेच ४०० दिरहॅम जाताना त्यांनी ९,९८० ला घेतले होते! बाजारभाव २२.७० च धरला तरी इथे ९२५ रुपये कमी मिळाले.

दोन्ही मिळून ५,३३१ रुपये. पाऊण क्विंटल कापूस. आमच्याकडे एवढा कापूस वेचायला दोन बायांचा अख्खा दिवस जातो. आणि पावतीवर लिहिलेलं: कमिशन शून्य.

मी आबांना हिशोब सांगितला. ते काही चिडले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या पोराने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मागे रांग होती. मी हो म्हटलं."

मित्रांनो, मला ते लागलं. कारण हाच माणूस गावात व्यापाऱ्याला कसा बोलतो ते मी लहानपणापासून बघतोय. खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन येतो, म्हणतो, "आबा, भाव सगळ्यांपेक्षा शंभराने जास्त देतो." आबा हसतात. त्यांना माहीत असतं, भाव शंभराने जास्त देणार आणि कट्टीत, हमालीत, वजनात काढून घेणार. मग ते अहिराणीत एकच वाक्य बोलतात: "भाव नको सांगू भो, हातमा कितला उनात ते सांग." म्हणजे भाव राहू दे, हातात किती येणार ते सांग.

शेतात हे वाक्य तोंडपाठ असलेला माणूस काचेच्या काउंटरसमोर ते विसरला. आपण सगळेच विसरतो. आजचा अख्खा भाग त्या एका वाक्याचा आहे.

भाव एक नसतो, तीन असतात

गुगलवर "दिरहॅम टू रुपी" टाकलं की जो आकडा दिसतो, तो मधला भाव. बँका एकमेकींशी कोट्यवधींचे व्यवहार करतात त्याच्या आसपासचा. डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर कामाच्या दिवशी एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. पूर्वी ते काम रिझर्व्ह बँक करायची, २०१८ च्या जुलैपासून यांच्याकडे आलं. तुम्हाला-मला त्या भावाने नोटा मिळत नाहीत. पण ती आपली मोजपट्टी.

दुसरा भाव, दुकानदार आपल्याला विकतो तो. तिसरा, आपल्याकडून परत घेतो तो. या दोन्हींमधली फट हीच त्याची कमाई.

जळगावात सोनं घेतलेलं असेल तर हे लगेच कळेल. सोन्याचा भाव सगळ्या पेढ्यांवर जवळपास सारखाच. पण दागिना घेताना घडणावळ किती लावली, आणि मोडायला गेल्यावर घट किती धरली, यावर खरा हिशोब ठरतो. "घडणावळ फुकट" असा बोर्ड दिसला की आपली आई काय म्हणते? "मग भावात लावली असेल." बरोबर! चलनातलं "कमिशन शून्य" म्हणजे तेच.

आणि हो, नोटा कार्डापेक्षा महाग का असतात? कारण नोट ही वस्तू आहे. ती विमानाने आणावी लागते, विमा काढावा लागतो, तिजोरीत ठेवावी लागते. विकली नाही तर पडून राहते. कमी खपणाऱ्या देशाची नोट म्हणून अजून महाग. कार्डावरचे पैसे म्हणजे नुसती नोंद, ती स्वस्त पडते.

आखातात जाणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहॅम. सौदीचा रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५. त्यामुळे डॉलरचा रुपयातला भाव घ्या, त्याला ३.६७२५ ने भागा, दिरहॅमचा खरा भाव मिळाला. रियालसाठी ३.७५ ने भागा. काउंटरवरच्या माणसाने "आज दिरहॅम एकदम वाढलाय भाऊ" म्हटलं, तर आधी डॉलर बघा. डॉलर हलला नसेल तर दिरहॅमही हललेला नाही.

गंमत सांगतो, एके काळी हे भागाकार लागतच नव्हते. दुबईत आपलाच रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, हजला जाणाऱ्यांसाठीसुद्धा वेगळ्या नोटा होत्या. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि मग दुबईच्या बाजूने तो रुपया बंद झाला. असो, मूळ मुद्द्यावर येऊ.

मग पैसे न्यायचे कसे?

रस्ते चार. नोटा, फॉरेक्स कार्ड, आपलं नेहमीचं डेबिट-क्रेडिट कार्ड, आणि काही देशांत यूपीआय. एकेक बघू.

एक, नोटा. नोटा लागतातच. टॅक्सी, छोटं दुकान, मोबाईल बंद पडला तर. पण कमी लागतात. नियम असा की बहुतेक देशांसाठी एका फेरीला ३,००० डॉलरइतक्याच किमतीच्या नोटा घेता येतात, बाकी रक्कम कार्डावर. चलन प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंत घेता येतं, म्हणजे शेवटच्या रात्रीची घाई करायची काही गरज नाही. रुपये रोख देणार असाल तर ५० हजारांच्या आत. त्यावर असेल तर बँकेतून द्यावे लागतात. पासपोर्ट, पॅन, तिकीट, व्हिसा बरोबर ठेवा.

घ्यायच्या कुणाकडून? परकीय चलनाचं काम करणारी बँकेची शाखा, किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला मनी चेंजर. बास. आता इथे आपल्याकडची एक सवय सांगतो. "अरे, शेजारचा आखातातून आलाय, त्याच्याकडे दिरहॅम पडलेत, त्याच्याकडून घे." प्रेमापोटी असतं, पण फेमा कायद्यात बसत नाही. परवाना नसलेल्या माणसाशी परकीय चलनाची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. शिवाय नोट खोटी निघाली तर भांडणार कुणाशी? पावतीच नाही.

भाव कसा काढायचा? एकाच दिवशी, एकाच तासात तीन ठिकाणी फोन करा. "आजचा दर काय?" असं विचारूच नका. असं विचारा: "मला सहाशे दिरहॅम हवेत. जीएसटी, कमिशन, घरपोच आकार, सगळं धरून माझ्या खिशातून एकूण किती रुपये जातील?" तीन आकडे लिहा. सगळ्यात कमी असलेला आकडा दुसऱ्याला सांगा. मनी चेंजरचा भाव दगडावर कोरलेला नसतो, तो कमी होतो.

जीएसटीला घाबरू नका. तो अख्ख्या रकमेवर अठरा टक्के नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के, म्हणजे शंभराला अठरा पैसे, कमीत कमी ४५ रुपये. म्हणून दोन-दोन हजाराचे पाच व्यवहार करू नका, प्रत्येक वेळी ४५ जातील. एकदाच करा.

थायलंडवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. बाटसारखं चलन इथे घेताना फट मोठी असू शकते. समजा इथे बाट बाजारभावापेक्षा शेकडा सहाने महाग मिळतोय आणि डॉलर शेकडा दीडने. डॉलर घेऊन गेलात आणि बँकॉक शहरातल्या दुकानात बदलले, तिथे अजून शेकडा एक गेला. दोनदा बदलूनही अडीचच गेले. पण हे दरवेळी खरं असेलच असं नाही, दोन्ही हिशोब करून बघा. नोटा शंभर डॉलरच्या आणि कोऱ्या न्या. तिथे मोठ्या नोटेला छोट्या नोटांपेक्षा चांगला दर मिळतो. आणि बदलायच्या शहरात, विमानतळावर नाही. विमानतळावर फक्त टॅक्सीपुरते.

दोन, फॉरेक्स कार्ड. आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड. भाव भरल्या दिवशीचा पक्का होतो, नोटांपेक्षा दर बरा असतो, हरवलं तर बंद करता येतं. घरातल्या मोठ्या माणसांना हे बरं, कारण मुख्य खात्याला धक्का लागत नाही. पण तीन गोष्टी विचारा: कार्ड काढायचे किती, एटीएममधून काढायचे किती, उरलेले पैसे परत घ्यायचे किती. आणि ज्या देशात जाताय त्याच चलनात भरा. डॉलर भरून युरोपात वापरलं तर प्रत्येक वेळी डॉलरचा युरो करताना वेगळा आकार लागतो.

तीन, आपलं बँकेचं कार्ड. इथे एक शब्द लक्षात ठेवा, मार्कअप. परदेशात कार्ड वापरलं की बहुतेक बँका वर दोन ते साडेतीन टक्के लावतात, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेतीनचे होतात ४.१३ टक्के. एक लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. हे बिल तुम्ही घरी परत आल्यावर कळतं. पण काही बँकांची डेबिट आणि क्रेडिट कार्डं अशी आहेत ज्यांवर मार्कअप शून्य आहे. त्यात तुम्हाला जवळपास मधलाच भाव मिळतो. माझ्या मते साध्या प्रवाशाला यापेक्षा स्वस्त काही नाही. फक्त कार्डाची वार्षिक फी किती आणि खात्यात किमान शिल्लक किती ठेवायची, तेही त्याच हिशोबात धरा. कार्ड आधी महिनाभर काढून ठेवा, कारण ते घरी यायला वेळ लागतो. आणि ॲपमध्ये जाऊन परदेशातला वापर चालू करा. २०२० च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर तो बंदच असतो. मर्यादाही तिथेच ठरवता येते.

एटीएमचं गणित वेगळं. तिथली बँक प्रत्येक वेळी ठरावीक रक्कम कापते. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एका वेळी २२० बाटच्या आसपास लागतात. दोन हजार बाट काढले तर शेकडा अकरा गेले! वीस हजार काढले तर शेकडा एकच्या थोडे वर. म्हणजे काढायचे तर एकदाच, मोठे. आणि क्रेडिट कार्डावर रोख? कधीच नाही. पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

आता सगळ्यात लपलेला खड्डा. तुम्ही दुकानात कार्ड दिलं, मशीनवर दोन आकडे येतात. एक तिथल्या चलनात, एक रुपयात. आपल्याला रुपया बघून बरं वाटतं, ओळखीचा माणूस भेटल्यासारखं. पण रुपया निवडला की भाव तुमची बँक लावत नाही, दुकानदाराच्या बाजूची कंपनी लावते, आणि तो बहुतेक वेळा वाईट असतो. तेव्हा नियम एकच: नेहमी तिथलं चलन निवडा. दुबईत दिरहॅम, बँकॉकमध्ये बाट, पॅरिसमध्ये युरो. एटीएमवरही हाच प्रश्न फिरवून विचारतात, तिथे "रुपांतर नको" निवडायचं. पैसे मिळतात, घाबरू नका.

चार, यूपीआय. भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स अशा काही देशांत काही दुकानांमध्ये आपलं यूपीआय चालतं. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा लागतो. सगळीकडे चालेल या भरवशावर जाऊ नका. आणि भाव इथेही कुणीतरी लावतोच, तेव्हा पिन टाकायच्या आधी रुपयातला आकडा बघा.

बरोबर आपले रुपयेही थोडे असू द्या, परत आल्यावर घरी जायला. नेपाळ-भूतानचे नियम वेगळे आहेत, बाकी देशांत जाताना माणशी २५ हजारांपर्यंत रुपये नेता येतात.

परत आल्यावर

उरलेल्या नोटांचं काय? २,००० डॉलरइतक्या किमतीपर्यंत नोटा घरात ठेवता येतात. त्यावर असतील तर परतल्यापासून १८० दिवसांच्या आत परत द्यायच्या. म्हणजे आबांनी केलं तसं उतरल्या उतरल्या विमानतळावर विकायची काहीच गरज नव्हती. ४०० दिरहॅम डब्यात ठेवले असते, तर पुढच्या फेरीला उपयोगी पडले असते. नाणी मात्र तिथेच खर्च करा. इथे ती सहसा कोणी घेत नाही.

शिकायला जाणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं, बाकी वेगळ्या भागात. आपल्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात. फीसारखी मोठी रक्कम डॉलरमध्ये पाठवायची असेल तर बँकेत एफएक्स-रिटेल विचारा. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा हा मंच २०१९ च्या ऑगस्टपासून चालू आहे. त्यावर ग्राहकाला बाजारातला डॉलरचा भाव दिसतो आणि बँकेने आपला आकार वेगळा सांगायचा असतो. पंधरा लाखांच्या फीवर शेकडा एकचा फरक म्हणजे पंधरा हजार रुपये, त्या पोराचं तिथलं किराणा सामान.

दुसरी फेरी

२०२५ च्या एप्रिलमध्ये भाच्याचा पहिला वाढदिवस. आई-आबा परत निघाले. या वेळी मी मोबाईल बाजूला ठेवला आणि दोन महिने आधी वही घेऊन बसलो.

ठरवलं की रोख फक्त सहाशे दिरहॅम, बाकीचा खर्च आबांच्या नावाने काढलेल्या मार्कअप नसलेल्या डेबिट कार्डावर. आबा म्हणाले, "कार्ड-बिर्ड मला जमणार नाही." मग आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानात आठवडाभर त्यांनाच कार्ड द्यायला लावलं. दूध, साखर, बिस्किटं. चौथ्या दिवशी पिन न बघता टाकायला लागले.

नोटांसाठी आम्ही नाशिकला गेलो, तिथे आबांचं डोळ्याचं कामही होतं. मी आधी फोन करून दोन ठिकाणचे आकडे काढले होते. त्या दिवशी डॉलरला भागून दिरहॅमचा बाजारभाव आला होता २३ रुपये ३० पैसे. एका परवानाधारक चेंजरकडे गेलो. काच होतीच. आतला पोरगा हसून म्हणाला, "काका, आपल्याकडे कमिशन शून्य."

मी बोलायला तोंड उघडलं, तर आबांनी माझ्या हातावर हात ठेवला. काचेजवळ वाकून म्हणाले, "ते राहू द्या दादा. सहाशे दिरहॅमला सगळं धरून माझे किती जातील, तेवढं सांगा."

त्याने आकडेमोड केली. "१४,३७९."

आबांनी खिशातून चिठ्ठी काढली. "तुमच्या शेजारचा १४,२३५ सांगतोय."

पोराने आत कुणाला तरी विचारलं. दोन मिनिटांत म्हणाला, "ठीक आहे काका, १४,२३५ करून देतो."

बाजारभावाने ते १३,९८० झाले असते. म्हणजे फरक २५५ रुपये. दुकान चालवायचं म्हणजे त्यालाही काही मिळायला हवं ना, मला ते मान्य आहे. पण पहिल्या फेरीत शेकडा नऊ गेले होते, या फेरीत शेकडा दोनच्याही आत.

दुबईत ताईबरोबर बाळासाठी सामान घ्यायला गेले, तेव्हा मशीनवर दोन आकडे आले. ११८ दिरहॅम, किंवा २,८७० रुपये. ताईने सांगितलं, आबांनी चष्मा लावला, मनातल्या मनात २३ ने गुणलं आणि दिरहॅमचं बटण दाबलं. रुपयाचं दाबलं असतं तर त्या एका बिलात सव्वाशेच्या आसपास जास्त गेले असते. घरी आल्यावर ही पावतीही डायरीत गेली, कापसाच्या पट्ट्यांच्या शेजारी.

थोडक्यात सांगायचं तर

विमानतळावर फक्त अडचणीपुरतं बदला. नोटा कमी, कार्ड जास्त. मार्कअप नसलेलं कार्ड महिनाभर आधी काढा आणि परदेशातला वापर चालू करा. मशीनवर नेहमी तिथलं चलन निवडा. परवाना नसलेल्या माणसाकडून घेऊ नका. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी एकदा बँकेत विचारून घ्या. आणि भाव विचारू नका, एकूण रक्कम विचारा.

आजचा गृहपाठ: तुमच्या पाकिटातल्या कार्डाचा मार्कअप किती, तो ॲपमध्ये शोधा किंवा बँकेला फोन करून विचारा. पाच मिनिटं लागतात. आकडा मला मेसेज करा, पुढच्या भागात त्यावर बोलू. कार्डाचा नंबर मात्र पाठवू नका रे बाबांनो!

आणि एक विनंती. तुमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा परदेशी जाणार असेल, तर त्यांना "तिथे मिळतं सगळं" असं सांगून मोकळे होऊ नका. अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. त्यांना हिशोब येत नाही असं नसतं. आपल्यापेक्षा जास्त येतो. फक्त काचेपलीकडच्या माणसालाही तोच प्रश्न विचारायचा असतो, जो ते आयुष्यभर व्यापाऱ्याला विचारत आलेत, एवढं कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.